निवृत्तिवेतनाची चौकशी कोठें करावी?

आमच्या सभासदांच्या पत्रांत बहुधा खतांविषयीं, कांद्याच्या साठवणीविषयीं व द्राक्षांवरील भुरीविषयीं विचारणा असते. अलीकडे मात्र एक निराळाच प्रश्न वारंवार येऊं लागला आहे. 'वडिलांचें पेन्शन दोन महिने आलें नाहीं; बँकेंत विचारलें तर तहसिलींत जा म्हणतात, तहसिलींत गेलों तर बँकेंत जा म्हणतात; विचारावें तरी कोणास?' हा प्रश्न शेतीचा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांतील वडील माणसांचें औषधपाणी कांद्याच्या भावावर अवलंबून असतें, त्या घरास तो शेतीचाच वाटतो. म्हणून या अंकीं त्याचा विचार करण्याचें योजिलें आहे.

उदाहरणादाखल नाशिकरोडजवळचें एकलहरे हें गांव घेऊं. गोदावरीकांठच्या या गांवीं १९७० च्या सुमारास औष्णिक वीजकेंद्राचीं धुराडीं उभीं राहिलीं आणि शेतकऱ्यांच्या घरांत पगार येऊं लागले. आज येथील एकाच गल्लींत वीज मंडळाच्या नोकरींतून निवृत्त झालेला कारागीर, नाशिकरोडच्या नोटांच्या छापखान्यांतून घरीं आलेला कामगार, फौजेंतून परतलेला जवान, जिल्हा परिषदेच्या शाळेंतील जुने गुरुजी, ठेकेदाराकडे राखेचें व कोळशाचें काम करणारा तरुण, दोन बिघे जमीन कसणारा शेतकरी आणि निराधार विधवा हीं सर्व शेजारीं शेजारीं राहूं शकतात. सगळेच जण 'पेन्शन' हा एकच शब्द वापरतात. पण प्रत्येकाचा पैसा निराळ्या तिजोरींतून येतो. बँक ही त्या सर्वांचा केवळ शेवटचा हात आहे. तिच्या हातीं पैसा आला तर ती देईल. कां आला नाहीं हें बहुतेक वेळीं तिला ठाऊकच नसतें. म्हणून प्रथम 'पैसा कोणाच्या तिजोरींतला?' एवढें विचारावें, म्हणजे कोणत्या दाराशीं जावयाचें तें आपोआप कळतें.

सरकारी नोकरांचें त्या मानानें सोपें आहे. त्यांच्याजवळ निवृत्तिवेतन प्रदान आदेश, म्हणजे ज्यास लोक पी. पी. ओ. म्हणतात तो कागद असतो व देणाऱ्याचें नांव त्यावरच असतें. राज्य सरकारच्या सेवकानें जिल्हा कोषागारांत जावें. आदेशांतच चूक असेल तर ती मुंबईच्या महालेखापालांकडून दुरुस्त होते. जिल्हा परिषदेच्या गुरुजींनीं आधीं पंचायत समिति व नंतर जिल्हा परिषद गांठावी. फौजी माणसांचें बहुतेक काम आतां 'स्पर्श' नांवाच्या संगणकीय व्यवस्थेंतून चालतें. ज्यांस तें जमत नाहीं त्यांनीं नाशिकच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांत जावें. १७ डिसेंबर १९८२ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें नाकरा यांच्या खटल्यांत, निवृत्तिवेतन ही मेहेरबानी नसून केलेल्या सेवेचा हक्क आहे, असा निर्णय दिला. या मंडळींनीं खिडकीपुढें उभें राहतांना तो ध्यानांत ठेवावा.

आतां आमच्या खऱ्या विषयाकडे वळूं. नोकरी न केलेल्या म्हाताऱ्या शेतकऱ्यास व शेतमजुरास आधार आहे तो मुख्यतः दोन योजनांचा. पासष्ट वर्षांच्या आंतील निराधार, विधवा, अपंग इत्यादिकांस संजय गांधी निराधार अनुदान योजना, आणि पासष्ट वर्षें पुरीं झालेल्यांस श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजना. एकीस 'अनुदान' व दुसरीस 'निवृत्तिवेतन' म्हटलें असलें तरी दार एकच, तें म्हणजे तहसिलदार कचेरींतील संजय गांधी योजना शाखा. दारिद्र्यरेषेखालील यादींत नांव असेल तर केंद्र सरकारचें इंदिरा गांधी वृद्धापकाळ निवृत्तिवेतनही याच शाखेमार्फत मिळतें. २०२३ सालीं राज्य सरकारनें या योजनांची रक्कम दरमहा १,००० रुपयांवरून १,५०० रुपये केली.

अर्ज तलाठ्याकडे किंवा सरळ तहसिलींत द्यावा. त्यास वयाचा दाखला, शिधापत्रिका, आधारपत्र, बँकेचें पासबुक, महाराष्ट्रांत पंधरा वर्षें राहत असल्याचा दाखला व उत्पन्नाचा दाखला जोडावा लागतो. जन्माची नोंद नसेल तर लोक हताश होऊन परततात. त्याचें कारण नाहीं. शाळेचा दाखला, मतदारयादींतील वय किंवा सरकारी रुग्णालयांतील वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला यांवरूनही काम होऊं शकतें. खरी अडचण असते ती उत्पन्नाच्या दाखल्याची. कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षास २१,००० रुपये ठरविलेली आहे. म्हणजे दिवसास साठ रुपयेही नव्हेत! ज्याच्या सातबाऱ्यावर एकरभर जमीन आहे त्यानें खरें उत्पन्न सांगितलें तर तो बाहेर पडतो आणि खोटें सांगितलें तर सरकारचा अपराधी होतो. ही मर्यादा काळास सोडून आहे, असें आमचें स्पष्ट मत आहे. तरीही खोटा दाखला मिळवून देणाऱ्या दलालाच्या नादीं कोणीं लागूं नये. पुढें चौकशी झाल्यास वसुली होते ती म्हाताऱ्याकडून, दलालाकडून नव्हे.

चालूं असलेलें अनुदान मध्येंच बंद पडण्याचीं कारणें बहुधा साधीं असतात. पैसा आतां आधाराशीं जोडलेल्या खात्यांत थेट जमा होतो. तो जोड तुटला, किंवा माणसानें दुसरें खातें उघडून आधार तिकडे जोडलें, म्हणजे पैसा जुन्या पासबुकांत दिसत नाहीं व घरचे लोक तहसिलीच्या फेऱ्या घालीत बसतात. कित्येकदां पैसा आलेला असतो, फक्त दुसऱ्या खात्यांत. दुसरें कारण हयातीच्या पडताळणीचें. ती दरवर्षीं व्हावी लागते. म्हणून तहसिलींत जाण्यापूर्वीं बँकेंत एकच प्रश्न विचारावा: आधार कोणत्या खात्यास जोडलेलें आहे? उत्तर समाधानकारक असेल तर मगच तहसिलींत जाऊन, मंजुरीचा क्रमांक दाखवून, हयातीची नोंद झाली आहे कीं नाहीं तें पाहावें.

तरुण शेतकऱ्यांसाठीं १२ सप्टेंबर २०१९ रोजीं प्रधानमंत्री किसान मानधन योजना सुरू झाली. दोन हेक्टरपर्यंत जमीन असलेल्या, अठरा ते चाळीस वर्षें वयाच्या शेतकऱ्यानें वयाप्रमाणें दरमहा ५५ ते २०० रुपये भरावयाचे, तितकेच केंद्र सरकार घालतें आणि साठ वर्षांनंतर दरमहा ३,००० रुपये मिळतात. त्याच्यामागें पतीस किंवा पत्नीस निम्मे. नोंदणी गांवच्या सामाईक सेवा केंद्रांत होते, तिजबद्दल शेतकऱ्यानें कांहीं द्यावयाचें नाहीं. व निधि आयुर्विमा महामंडळ सांभाळतें. सरकार बरोबरीनें पैसे घालतें ही जमेची बाजू खरी. पण आज अठरा वर्षांचा असलेला मुलगा ते तीन हजार बेचाळीस वर्षांनंतर पाहणार, व तोंपर्यंत तीन हजारांत काय येईल याचा विचार ज्यानें त्यानें करावा. ही एकच सोय पुरेशी समजूं नये.

चाळिशी उलटलेल्या व पासष्टीस न पोंचलेल्या शेतकऱ्यास मात्र यांपैकीं कोणतेंच दार सहसा उघडें नाहीं. राष्ट्रीय पेन्शन व्यवस्थेचें खातें बँकेंत उघडतां येतें. पण त्यांत जें मिळेल तें आपण साठविलेल्याच पैशांतून.

एकलहऱ्यासारख्या गांवांत आम्हांस सर्वांत अधिक काळजी वाटते ती ठेकेदाराकडे काम करणाऱ्या शेतकरीपुत्रांची. त्यांस आपण पेन्शनचे धनी आहों हेंच पुष्कळदां ठाऊक नसतें. भविष्यनिर्वाह निधींत मालक जो हिस्सा घालतो, त्यांतून वेतनाचे ८.३३ टक्के (१५,००० रुपये वेतनाच्या मर्यादेंत) १९९५ सालच्या कर्मचारी पेन्शन योजनेंत जातात. दहा वर्षें भरलीं म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षीं तहहयात पेन्शन सुरू होतें. हिशेब असा: शेवटच्या साठ महिन्यांच्या सरासरी वेतनास सेवेच्या वर्षांनीं गुणून सत्तरानें भागावें. पंधरा हजार वेतन व वीस वर्षें सेवा असेल तर (दोन वर्षें अधिक धरून) दरमहा सुमारें ४,७१४ रुपये येतात. रक्कम मोठी नाहीं. परंतु कामगार नोकरींत असतां वारला तर दहा वर्षांची अट लागत नाहीं आणि विधवेस पेन्शन मिळतें, ही गोष्ट घरांतील बायामाणसांस अवश्य सांगून ठेवावी.

आतां घात कोठें होतो तो पाहा. ठेका दोनतीन वर्षांनीं बदलतो. नवा ठेकेदार नवा खातेक्रमांक काढतो, किंवा मुलगाच लग्नासाठीं वा विहिरीसाठीं जुन्या ठेक्यांतील पेन्शनची रक्कम काढून घेतो. दहा वर्षांच्या आंत ती काढतां येते, म्हणून तो तें फुकटचें धन समजतो. पण त्याबरोबर तीं वर्षें सेवेंतून पुसलीं जातात. वीस वर्षें राबून पांच वर्षांचीच नोंद हातीं उरते ती अशी. असें न करितां योजनेचें प्रमाणपत्र मागून घ्यावें, म्हणजे जुनीं वर्षें नव्या नोकरींत जोडलीं जातात. आणि बारा आंकडी सार्वत्रिक खातेक्रमांक जन्मभर एकच असावा. नव्या ठेकेदारास पहिल्याच दिवशीं तोच द्यावा.

हप्ते खरोखर भरले जातात कीं नाहीं, हें भविष्यनिधीच्या संगणकीय पासबुकांत महिन्यावार दिसतें. वर्षांतून दोनदां तें पाहावें. महिने गाळलेले दिसले तर पगाराच्या चिठ्ठ्या घेऊन सातपूर येथील भविष्यनिर्वाह निधि कार्यालयांत लेखी तक्रार द्यावी. ठेकेदार पळून गेला तरी ज्याच्या कारखान्यांत काम केलें त्या मूळ मालकावर कायद्यानें जबाबदारी राहते. म्हणून तक्रारींत त्याचेंही नांव घालावें. २०२३ च्या जानेवारीपासून या खात्याचे अधिकारी दर महिन्याच्या २७ तारखेस जिल्ह्यांत ठिकठिकाणीं 'निधि आपके निकट' या नांवानें बसतात व तेथें तक्रार तोंडी मांडतां येते. त्या महिन्याची जागा आधीं विचारून घ्यावी.

ज्यांस पेन्शन सुरू आहे त्यांनीं दरवर्षींच्या हयातीच्या दाखल्यासाठीं रांगेंत कुडकुडण्याची आतां गरज नाहीं. २०१४ पासून हा दाखला बोटाच्या ठशावर संगणकानें देतां येतो आणि पोस्टमन घरीं येऊन तें काम करून देतो. अंथरुणास खिळलेल्यांच्या घरच्यांनीं पोस्टांत जाऊन नुसतें सांगावें. मात्र 'तुमचा दाखला बाकी आहे' असें दूरध्वनीवर सांगून गुप्त आंकडे विचारणारा इसम कोणत्याही कचेरीचा नसतो. त्यास उत्तरच देऊं नये.

एवढें करूनही काम अडलें तर तीन वाटा आहेत. ज्येष्ठांसाठीं १४५६७ हा फुकट दूरध्वनि आहे; तेथें पेन्शनविषयींही सल्ला मिळतो. जिल्हा न्यायालयांतील विधि सेवा प्राधिकरण स्त्रियांस उत्पन्नाची अट न घालतां मोफत वकील देतें. आणि माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच. 'माझ्या अमुक तारखेच्या अर्जावर काय झालें व तो आज कोणाच्या मेजावर आहे,' एवढ्या दोन ओळी लिहून दहा रुपयांचें न्यायालयीन मुद्रांक-तिकीट लावावें. तीस दिवसांत उत्तर देणें कचेरीस बंधनकारक आहे. मात्र त्यासाठीं मूळ अर्जाची पोंच जवळ असावी लागते. तहसिलींतील कारकून 'पोंच कशाला, होऊन जाईल' असें गोड बोलून सांगेल. तरी दुसरी प्रत पुढें करून तीवर शिक्का व तारीख घेतल्यावांचून खिडकी सोडूं नये.