चार महापदेश आणि आजची प्रसारमाध्यमे

वृत्तपत्रांच्या जगात वाचक आणि छापील मजकूर यांच्यामध्ये एक दार असे व त्याची किल्ली संपादकाच्या हाती असे. आंबेडकरी चळवळीला या दाराचा अनुभव आरंभीच आला. १९२० साली ‘मूकनायक’ निघाला, तेव्हा पैसे देऊ केले असताही ‘केसरी’ने त्याची जाहिरात छापण्यास नकार दिला. राजर्षी शाहू महाराजांच्या २,५०० रुपयांच्या साहाय्याने ३१ जानेवारी १९२० रोजी ते पाक्षिक सुरू झाले आणि १९२३ मध्ये बंद पडले. पुढे ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) व ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही पत्रे निघाली. कागद, छपाई व टपाल यांचा खर्च आणि वर्गणीची टंचाई यांच्याशी झगडतच ती चालवावी लागली.

आज हे दार बहुतांशी उघडले आहे. ज्याच्या हाती मोबाइल आहे तो वाचक आहे, वार्ताहर आहे आणि प्रकाशकही आहे. या स्थितीला अभ्यासक ‘सहभागी संस्कृती’ म्हणतात. अमेरिकी अभ्यासक हेन्री जेन्किन्स यांनी दूरचित्रवाणी मालिकांच्या चाहत्यांविषयी १९९२ मध्ये लिहिलेल्या ग्रंथापासून ही संज्ञा रूढ झाली. आपल्याला मात्र ही कल्पना सर्वस्वी नवी नाही. आंबेडकरी जलशांत गाणारे आणि ऐकणारे एकाच वस्तीतले असत. निरक्षर माणसापर्यंत चळवळीची वार्ता त्यांनीच पोहोचविली. जलशात गाणारा समोर उभा असे व श्रोता त्याला तेथेच प्रश्न विचारू शके. आजच्या माध्यमात नेमकी हीच गोष्ट दुर्मीळ झाली आहे.

मुंबईच्या वर्सोवा किनाऱ्याचे उदाहरण या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये अफरोज शाह या वकिलाने एका वयोवृद्ध शेजाऱ्याच्या सोबतीने तेथील प्लास्टिकचा कचरा वेचण्यास आरंभ केला. त्यांच्यापाशी वृत्तपत्र नव्हते. कामाची छायाचित्रे व निमंत्रणे समाजमाध्यमांवर जात. ती पाहून माणसे येत आणि आलेली माणसे आपली छायाचित्रे पुढे पाठवीत. काम करणारे व त्याची वार्ता देणारे असे दोन वेगळे वर्ग येथे उरले नाहीत. २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण संस्थेने शाह यांना ‘चॅम्पियन्स ऑफ द अर्थ’ हा सन्मान दिला. या वार्तेचे बळ आणखी एका गोष्टीत होते. ज्याला शंका असेल त्याने रविवारी किनाऱ्यावर जावे आणि डोळ्यांनी पाहावे, अशी सोय तिच्यात होती. पालीत धम्माचे एक विशेषण ‘एहिपस्सिको’ असे आहे, म्हणजे ‘या आणि पाहा’ असे ज्याच्याविषयी म्हणता येते तो. वर्सोव्याची वार्ता या अर्थाने तपासता येण्याजोगी होती.

याच माध्यमाची दुसरी बाजू धुळे जिल्ह्यात दिसली. साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवडे बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने ठार मारले. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याची अफवा त्या काळात मोबाइलवरून पसरली होती. तो संदेश कोणी लिहिला हे पुढे पाठविणाऱ्यांपैकी कोणी विचारले नाही. बळी मात्र भटक्या, निराधार माणसांचा गेला. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणांपुरताच पुढे पाठविता येईल अशी मर्यादा घातली. अशा मर्यादेने अफवेचा वेग कमी होतो. तिचे खरेखोटेपण ठरत नाही.

छापील पत्रावर मुद्रक, प्रकाशक व संपादक यांची नावे देण्याचे बंधन १८६७ च्या कायद्याने घातले होते. फिरत्या संदेशावर बहुधा कोणाचेच नाव नसते. शिवाय निवड करणारा नाहीसा झाला आहे असेही नाही. कोणती चित्रफीत कोणापुढे आणावयाची हे आता कंपन्यांची संगणकीय गणिते ठरवितात आणि प्रेक्षकाला अधिक वेळ खिळवून ठेवणाऱ्या मजकुराला ती झुकते माप देतात. संपादकाला पत्र लिहून जाब विचारता येत असे. या गणिताला तो विचारता येत नाही. म्हणून पारखण्याचे काम वाचकाकडे आले आहे.

ते कसे करावे, याची रीत दीघनिकायातील महापरिनिब्बानसुत्तात आहे. भोगनगरात तथागतांनी चार महापदेश सांगितले. कोणी म्हणेल, हे मी स्वतः भगवंतांच्या मुखातून ऐकले. कोणी म्हणेल, अमुक ठिकाणच्या थेरांसह असलेल्या संघाकडून ऐकले. कोणी अनेक बहुश्रुत थेरांचे नाव सांगेल, तर कोणी एकाच थेराचे. चारही प्रसंगी उपदेश एकच आहे. त्या वचनाचे लगेच स्वागत करू नये व त्याचा धिक्कारही करू नये. त्यातील शब्द नीट समजून घ्यावेत, ते सुत्ताशी व विनयाशी ताडून पाहावेत आणि जुळत नसतील तर सोडून द्यावेत. खुद्द भगवंतांचे नाव सांगितले तरी ताडून पाहण्यातून सुटका नाही, हा यातील मर्मभाग होय. कालाम सुत्त आपल्या परिचयाचे आहे. महापदेश त्याला कृतीची जोड देतात.

बाबासाहेबांच्या नावावर फिरणाऱ्या वाक्यांना हीच कसोटी लावावी. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेले त्यांच्या लेखन व भाषणांचे खंड उपलब्ध आहेत. तथागतांच्या नावावरील वचनांसाठी इगतपुरीच्या विपश्यना विशोधन विन्यासाने छट्ठ संगायनाचे पाली त्रिपिटक देवनागरीत इंटरनेटवर विनामूल्य ठेवले आहे. खंड व पृष्ठ, निकाय व सुत्त सांगता येत नसेल, तर ते वाक्य पुढे पाठवू नये. आपल्या विहारातील तरुणांनी रविवारच्या वंदनेनंतर त्या आठवड्यात फिरलेली दोन-तीन वाक्ये मूळ ग्रंथाशी ताडून पाहण्याचा परिपाठ ठेवावा, अशी आमची सूचना आहे. ‘मूकनायक’ला ज्यासाठी झगडावे लागले ते साधन आज प्रत्येकाच्या हाती आहे, त्यावरून जाणाऱ्या शब्दाची जबाबदारीही प्रत्येकाने घेतली पाहिजे.