कूलरचा स्विच बदलताना

मे महिन्यात विदर्भातल्या कन्हानचा पारा ४५ अंशांकडे सरकतो आणि नेमका तेव्हाच कूलरचा स्विच दगा देतो. पंप चालतो, पंखा मात्र एकाच वेगावर अडकतो किंवा नॉब हलवला की थांबतो. दोष बहुधा गोल रोटरी स्विचचा. ओलाव्यानं आतल्या पट्ट्या काळ्या पडतात, ठिणग्या उडतात, प्लास्टिक करपतं. मोटार नुसतीच घुमत असेल, पंखा सुरूच होत नसेल, तर आधी कंडेन्सर तपासून घ्या. उगाच स्विचवर खर्च नको.

स्विच काढण्याआधी प्लग उपसायचाच. बटण बंद करून भागत नाही. वायरिंगमध्ये फेज-न्यूट्रल उलटे असले तर बटण बंद असूनही आत करंट राहतो. नॉब ओढा, नट सोडवा, वायरी सोडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा. ‘एल’ खुणेवर फेज, उरलेल्या आकड्यांवर मोटारीच्या वेगांच्या वायरी. रंगांवर विसंबू नका, कंपनीगणिक ते बदलतात.

खरी काळजी लोखंडी बॉडीची. विदर्भात दर उन्हाळ्यात कूलरच्या शॉकनं माणसं दगावतात. अर्थिंगची वायर तुटलेली दिसली, तर नवा स्विच बसवूनही कूलर लावू नका. घरात करंट गळताच वीज तोडणारा ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी हवाच.