बिंदू पडेल तिथे

पहाटे ५.००

जानेवारीत आलापल्लीच्या विश्रामगृहात घड्याळाचा गजर लावावा लागत नाही, थंडीच उठवते. आंघोळ करायची की नाही यावर पथकात दोन तट आहेत. फील्डमन मात्र वादात न पडता सामान मोजून पिशवीत भरतोय: जीपीएस, होकायंत्र, लांब टेप, व्यासाचा टेप, उंची मोजायचं यंत्र, खडू, कुदळ, मातीसाठी पिशव्या, फॉर्मांची फाईल. शेवटी एक बांबूची काठी. ती बरोबर १.३७ मीटरची. खोड जमिनीपासून किती उंचीवर मोजायचं हे ती ठरवते. इंग्रजांच्या काळात साडेचार फूट ठरले, मीटर आले तेव्हा त्याचेच १.३७ मीटर झाले. युरोपात १.३ वर मोजतात. कोण बरोबर हा प्रश्न गैरलागू आहे. एकदा धरलेली उंची सोडायची नाही, एवढंच महत्त्वाचं.

६.१५

जीपमध्ये आम्ही पाच जण. मी पथकप्रमुख, दोन फील्डमन, चालक आणि नाक्यावर चढलेली बीटची वनरक्षक. गावातून दोन मजूर पुढे भेटतील.

भारतीय वन सर्वेक्षणाचं हे काम सांगायला सोपं आहे. देशाच्या नकाशावर पाच किलोमीटर लांब-रुंद चौकोन आखलेत. दरवर्षी त्यातले वीस टक्के घ्यायचे, म्हणजे पाच वर्षांत देश पुरा होतो. चौकोनातला बिंदू आधीच ठरलेला असतो. त्यात आमचा, वनरक्षकाचा किंवा साहेबांचा हात नसतो. आम्ही तिथे पोहोचायचं, आठ मीटर त्रिज्येची चार वर्तुळं आखायची आणि आत जे असेल ते लिहायचं. एक वर्तुळ मधोमध, बाकीची तीन चाळीस मीटरवर, उत्तरेला, १२० अंशांवर आणि २४० अंशांवर. सांगायला एवढंच. करायला दिवस जातो.

वाटेत ‘ग्लोरी ऑफ आलापल्ली’चा फाटा लागतो. मुद्दाम राखलेला जंगलाचा तुकडा, जैवविविधता वारसास्थळ म्हणून २०१४ साली जाहीर झालेला. जुने, दोन-तीन माणसांच्या कवेत न मावणारे साग बघायला पाहुण्यांना तिथे नेतात. चालक दर वेळी विचारतो, "आज तरी तिकडे?" आज बिंदू उलट दिशेला आहे.

७.४०

गाडी सोडली. पुढे पायवाट, मग तीही संपते. अप्रोच फॉर्म इथून सुरू होतो: कुठल्या ठळक खुणेपासून निघालो, किती अंतर, किती अंश, वाटेत नाला कुठे. पाच वर्षांनी येणाऱ्या माणसाला हा कागद हातात घेऊन याच जागी उभं राहता आलं पाहिजे. जीपीएस असताना हे कशाला, असं नवे लोक विचारतात. दाट पानोळ्याखाली ते यंत्र पाच-दहा मीटर सहज इकडेतिकडे होतं, आणि आमचं वर्तुळच आठ मीटरचं आहे.

वनरक्षक पुढे चालते. तिला हा कक्ष पाठ आहे. कुठे पाणी आहे, कुठे काल रानडुकरांनी उकरलं आहे, कुठल्या बाजूने गेलं तर बांबूच्या बेटातून वाकून जावं लागणार नाही. गडचिरोली जिल्ह्याचं दोन तृतीयांशाहून अधिक क्षेत्र जंगलाखाली. महाराष्ट्रात इतकं दुसऱ्या कुठल्या जिल्ह्याकडे नाही. तरी तिच्या वाट्याला आलेलं बीट ती एकटीच पायी फिरते, हे मोजणीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

९.०५

बिंदूवर पोहोचलो. उघडा मुरूम, गराडीची खुरटी झुडपं, गुरांच्या वाटा. व्यास दहा सेंटिमीटर भरेल असं एकही झाड मधल्या वर्तुळात नाही.

मजुरांपैकी वयाने मोठे असलेले भाऊ थोडा वेळ शांत उभे राहिले. मग म्हणाले, "साहेब, इथं काय मोजता जी? जरासं तिकडं सरका ना. सागवान कसा मस्त आहे."

पन्नास-साठ पावलांवर खरंच चांगला साग दिसत होता. ही विनंती मला प्रत्येक गावात ऐकू येते, आणि तिच्यात वाईट काहीच नसतं. पाहुण्याला चांगलं ते दाखवावं, ही साधी रीत आहे. पण याच सरकण्यापासून वाचण्यासाठी सगळी खटपट केलेली आहे. शितावरून भाताची परीक्षा करायची तर शीत डोळे मिटून उचलावं लागतं. वरचं मोकळं, टपोरं शीत निवडलं की भात नेहमीच चांगला शिजलेला असतो. प्रत्येक पथक थोडं सागाकडे सरकलं तर देशातला लाकूडसाठा कागदावर वाढेल, जंगल आहे तिथेच राहील.

"भाऊ, इथे काही नाही हेही लिहायचं असतं," मी म्हणालो.

"काही नाई ते लिवाले एवढ्या दूरून आले?"

फील्डमन हसला. मी फॉर्मवर शून्य लिहिलं. शून्य म्हणजे रिकामा रकाना नव्हे. मोजून आलेलं शून्य आणि न मोजल्याने राहिलेली जागा यांतला फरक मुख्यालयात, देहरादूनला, आकडे जुळवणाऱ्याला कळला नाही, तर आजची चाल फुकट. वर्तुळात झाड नसलं तरी काम संपत नाही. चराई आहे का, आग लागून गेली का, कुऱ्हाडीच्या खुणा किती, उतार किती, झुडपं कोणती, गवत कोणतं. याच मुरमावर अर्धा तास गेला.

९.५०

उत्तरेचं वर्तुळ. इथे मात्र जंगल आहे: ऐन, धावडा, लेंडिया, मोह, बिजा, तेंदू, दोन साग. आता काठी बोलते. फील्डमन ती खोडाला टेकवतो, खडूने रेघ मारतो, टेप गुंडाळतो आणि ओरडतो, "ऐन, चौतीस दशांश दोन!" मी ओरडून तेच परत म्हणतो, मग लिहितो. परत म्हणायचा नियम कुणी लिहून दिलेला नाही, पण बत्तीस आणि बेचाळीस वाऱ्यात सारखेच ऐकू येतात.

झाडं नियमात बसायला तयार नसतात. उतारावर उभं असेल तर वरच्या बाजूने उंची धरायची. कललेलं असेल तर काठीही कललेली. छातीच्या खाली दुभंगलं असेल तर दोन झाडं, वर दुभंगलं तर एक. त्या उंचीवर गाठ असेल तर गाठीच्या वर सरकायचं. वर्तुळाच्या कडेवरचं झाड आत की बाहेर? खोडाचा मध्य बघायचा. एक मोह बरोबर रेषेवर निघाला. टेप तीन वेळा लावला, उतारासाठी अंतर आडवं करून घेतलं, तेव्हा तो सात सेंटिमीटरने बाहेर गेला. तीन माणसांच्या कवेतलं झाड सात सेंटिमीटरसाठी सोडताना हात जड होतो, मान्य आहे.

एका खोडावर फील्डमन "धावडा" म्हणाला. भाऊ पुढे आले, खाली पडलेली पानं पायाने सारली, एक उचललं. "धावडा नाई जी, लेंडिया. धावड्याचं पान या दिवसात लाल होते." पान तांबूस नव्हतं. मी लेंडिया लिहिलं. मोजणीत व्यासाची चूक हिशेबात जिरून जाते, जातीची चूक जिरत नाही. पुढचं सगळं गणित, म्हणजे लाकडाचं घनफळ, वजन, कार्बन, जातीच्या नावाने वेगळ्या सूत्रात जातं. हे सूत्र बनवणारे आणि भाऊ एकमेकांना कधी भेटणार नाहीत. पण आकडा दोघांच्या भरवशावर उभा असतो.

१२.३०

नाल्याकाठी डबे उघडले. पोळी, वांग्याची भाजी, भाऊंकडे भात आणि लाखोळीची डाळ. जेवता जेवता वनरक्षकाने विचारलं, "सर, हे पहिल्यांदा कुणी मोजलं?"

उत्तर लांबचं आहे. १८५६ मध्ये डिट्रिश ब्रँडिस नावाचा जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांचा अधीक्षक झाला. तो हत्तीवर बसून नदीनाल्यांच्या आणि डोंगरधारांच्या कडेने फिरे. हातात बांबूच्या पट्ट्या, प्रत्येक पट्टी एका जाडीच्या सागासाठी. साग दिसला की त्या पट्टीवर चाकूने खाच. या खाचांवरून दरवर्षी किती साग तोडता येईल याचा हिशेब बसला. पुढे १८६४ मध्ये तोच हिंदुस्थानचा पहिला वन महानिरीक्षक झाला. पण त्याच्या पट्ट्यांवर फक्त साग होता. ऐन, लेंडिया, गराडी यांना खाच नव्हती, कारण त्यांना तेव्हा भाव नव्हता.

देशभर एका पद्धतीने मोजायची कल्पना नॉर्डिक देशांतली. नॉर्वेने १९१९ मध्ये, फिनलंडने १९२१ मध्ये, स्वीडनने १९२३ मध्ये सुरुवात केली. लाकडावर पोट चालणारे देश, लाकूड संपेल ही भीती खरी. फिनलंडमध्ये युर्यो इल्वेसालो यांच्या नेतृत्वाखाली पथकं नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे समांतर रेषांवरून चालत गेली. रेषेत दलदल आली तर दलदलीतून. आपल्याकडे पी. सी. महालनोबिस यांनी तीसच्या दशकात बंगालच्या तागाचं क्षेत्र नमुना पाहणीने काढून दाखवलं, आणि थोडं नीट मोजलं तर सगळं मोजावं लागत नाही हे इथल्या मातीत सिद्ध झालं. जंगलाला मात्र १९६५ पर्यंत थांबावं लागलं. त्या वर्षी वनसंपत्तीचं गुंतवणूकपूर्व सर्वेक्षण सुरू झालं. कारखान्यांना लाकूड आणि बांबू किती मिळेल, हा त्यामागचा प्रश्न होता. १ जून १९८१ रोजी त्याचंच भारतीय वन सर्वेक्षण झालं.

"म्हणजे आधी साग, मग कागदाचा बांबू. आणि आता?"

आता कार्बन. २०३० पर्यंत अडीच ते तीन अब्ज टन कार्बन डायऑक्साइडएवढी जादा साठवण झाडांत निर्माण करू, असा शब्द भारताने जगाला दिला आहे. म्हणूनच दुपारी माती खणायची आहे. ज्या काळाला जे हवं ते तो मोजतो. आमच्या पद्धतीचं मोठेपण मला यात दिसतं की बिंदू डोळे झाकून पडतो, म्हणून नको असलेलंही मोजलं जातं. पन्नास वर्षांनी कुणाला गराडी हवी झाली, तर तिचा हिशेब आमच्याकडे असेल.

१.१५ ते ३.४०

उरलेली दोन वर्तुळं. एकात बांबू. बेटं किती, एका बेटात कोवळे किती, पक्के किती, वाळलेले किती. हे मोजताना कंबर जाते आणि शर्टही. मग तीस सेंटिमीटर खोल खड्डा, पालापाचोळा वेगळा, माती वेगळी, पिशवीवर क्रमांक. याबद्दल जास्त लिहिण्यासारखं नाही. कुदळ जड असते, मुरूम त्याहून कठीण.

५.००

गावात चहा. पाच-सात जण भोवती जमले. प्रश्न ठरलेला: मोजून काय, जमीन घेणार? मी शक्य तितकं नीट सांगतो की हा नमुना आहे, हद्द नाही. विश्वास अर्धाच बसतो आणि त्यांचं चुकतंही नाही. या जिल्ह्यात टेप घेऊन आलेली माणसं पूर्वी वेगळ्याच कामासाठी येत.

एका तरुणाने विचारलं, "तुमचा बांबूचा आकडा आमच्या ग्रामसभेला मिळेल का?" मेंढा-लेखा याच जिल्ह्यात आहे. २००९ मध्ये त्या गावाला सामूहिक वनहक्क मिळाले आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हापासून हिशेब हा गावाचाही विषय आहे. मला खरं तेच सांगावं लागलं: आमची वर्तुळं देशासाठी आणि राज्यासाठी पुरेशी दाट आहेत, एका गावासाठी नाहीत. तुमच्या हद्दीत आमचा एखादाच बिंदू पडेल, कदाचित पडणारही नाही. "मग आमचे बिंदू आम्ही टाकू," तो म्हणाला. या देशातल्या वनगणनेचं भवितव्य कुठे आहे असं विचारलं तर मी उपग्रहांच्या आधी या मुलाकडे बोट दाखवीन.

७.३०

विश्रामगृहात आकडे तपासणं. वीज येतेजाते. शंका असलेल्या जागी वर्तुळ, संशयास्पद व्यासावर टिकली. आमची काही ठिकाणं पुढे दुसरं पथक पुन्हा मोजेल, आमचे आकडे न बघता.

नवा फील्डमन मोबाईलवर बातमी वाचून दाखवतो: इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह. ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेला. त्याआधी एप्रिलमध्ये युरोपचा ‘बायोमास’ गेला. त्याचं रडार पानोळा भेदून खोडाफांद्यांपर्यंत पोहोचतं. "सर, मग आपली गरज काय?"

गरज वाढते, असं माझं मत आहे. उपग्रहाला टन दिसत नाहीत, त्याला परतलेली लहर दिसते. तिचे टन करायला जमिनीवर कुणीतरी टेप गुंडाळलेला असावा लागतो. आणि वरून हिरवं दिसलं म्हणजे जंगल, असंही नाही. आपल्या अहवालात वनाच्छादन म्हणजे एक हेक्टरहून मोठी, दहा टक्के किंवा अधिक छत्र असलेली कुठलीही जमीन, मालक कुणीही असो, झाड कुठलंही असो. कोकणातल्या आंबा-काजूच्या बागाही त्यात येतात. १९८७ च्या पहिल्या अहवालात देशाचं वनाच्छादन १९.४९ टक्के होतं, २०२३ च्या अहवालात २१.७६. ही वाढ सांगताना लोक विसरतात की पहिला आकडा ऐंशी मीटरच्या ढोबळ चित्रांवरून, डोळ्यांनी बघून काढलेला होता, आणि आताचा साडेतेवीस मीटरच्या चित्रांवरून संगणकाने. यातलं किती जंगल वाढलं आणि किती नजर वाढली, हे चित्रांवरून वेगळं करणं कठीण. त्याच जागी परत जाऊन तेच खोड मोजलं तर ते कळतं. स्वीडनने १९८३ मध्ये कायमची ठिकाणं ठरवली ती यासाठीच. आपल्याकडे पाच वर्षांचं चक्र नुकतं लागलं आहे. साधनं बदलोत, पण ते मोडू नये.

९.१५

उद्याचा बिंदू नाल्यापलीकडे आहे, नकाशावर अर्धा धानाच्या बांधीत आणि अर्धा झुडपात. वनरक्षकाने फोन करून सांगितलं की नाल्याला अजून कमरेइतकं पाणी आहे आणि गावातला डोंगा दुरुस्तीला गेलाय. साडेपाचला निघावं लागेल. चालकाला निरोप दिला, भाऊंनाही. फॉर्म दोन प्लॅस्टिक पिशव्यांत घातले.