जबलपूरची मोटार, बिरसिंगपूरचा धूर

जबलपूरच्या बडा फुहारा परिसरातील गर्दीतून विजेवर चालणारी मोटार गेली, तर मागे धुराचा लोट राहत नाही. पदपथावरील दुकानदाराला आणि शाळकरी मुलांना हा लाभ तत्काळ मिळतो व तो लहान नव्हे. परंतु नवी मोटार घेण्यासाठी कर्जाचा विचार करणाऱ्या ग्राहकाने आणखी एक प्रश्न विचारावयास हवा : गाडीत भरलेली वीज येते कोठून?

मध्य प्रदेशाच्या वीजनिर्मिती कंपनीचे मुख्यालय जबलपुरातच, रामपूर भागातील शक्तिभवनात आहे. तिचे १,३४० मेगावॉट क्षमतेचे औष्णिक केंद्र मात्र उमरिया जिल्ह्यातील बिरसिंगपूर येथे असून ते दगडी कोळशावर चालते. शहराजवळील बरगी धरणाच्या जलविद्युत केंद्राची क्षमता अवघी ९० मेगावॉट. शिवाय त्या धरणासाठी नर्मदाकाठची अनेक गावे पाण्याखाली गेली. रात्री घरी चार्जिंगला लावलेल्या मोटारीचा धूर म्हणजे नाहीसा होत नाही; बराचसा दूरच्या चिमणीकडे सरकतो, आणि राखही तेथील रहिवाशांच्या वाट्याला येते.

थोडा हिशेब मांडून पाहू. एक लिटर पेट्रोल जळले की सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. लिटरला १६ किलोमीटर धावणारी गाडी किलोमीटरमागे सुमारे १४४ ग्रॅम वायू सोडते. देशातील एक युनिट विजेमागे हा वायू साधारण ०.७२ किलो असतो. युनिटला साडेसहा किलोमीटर धावणाऱ्या मोटारीच्या वाट्याला ११० ग्रॅम येतात. (पेट्रोलचे शुद्धीकरण, कोळशाचे खाणकाम व तारांमधील गळती येथे धरलेली नाही.) बचत होते, पण जाहिरातीत भासते तेवढी नाही.

त्यातच ३० युनिट क्षमतेची लिथियम बॅटरी तयार होतानाच सुमारे दोन टन वायू हवेत गेलेला असतो. ही उधारी फिटण्यास जवळजवळ ६० हजार किलोमीटर धावावे लागते. रोज ३० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला साडेपाच वर्षे पुरतात. केवळ रविवारी भेडाघाटला जाणाऱ्या गाडीला वीस वर्षेही पुरणार नाहीत. अशा कुटुंबाने जुनीच गाडी नीट राखलेली बरी.

सूर्याची वीज वापरल्यास हा हिशेब पालटतो. रीवा येथे ७५० मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहेच. घराच्या छतावरील तीन किलोवॉटची यंत्रणाही दिवसाला सरासरी १२ युनिटे देते, आणि ३० किलोमीटरला पाच युनिटेही लागत नाहीत. बॅटरीची उधारी मग दीड वर्षाच्या आतबाहेर फिटते. २०२४ साली सुरू झालेल्या 'पीएम सूर्य घर' योजनेत अशा यंत्रणेस ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदानाची तरतूद आहे. मोटारीच्या कर्जासोबत छताचाही विचार करणे म्हणूनच शहाणपणाचे.

निकामी बॅटरी भंगारवाल्याकडे मात्र देऊ नये. २०२२ च्या नियमांनुसार ती परत घेऊन तिच्यावर प्रक्रिया करविण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे.