तळ्याला पंप केवढा?

विरारच्या फुलपाड्याहून पश्चिमेला समुद्राकडे गेलं की वाड्यांत बावखलं दिसतात; गोड्या पाण्याची घरामागची तळी. पूर्वी त्यांवर रहाट चाले. रहाट हळू उपसायचा, तोवर झरे भर घालत. पुढे मोठे पंप बसले, उपसा वाढला, अन् किनाऱ्यालगत खारं पाणी आत शिरू लागलं.

आपल्या तळ्या-विहिरीलाही हाच हिशेब. आधी झरा मोजा. २० बाय १५ फुटांचं तळं रात्रीत १ फूट चढलं, तर ३०० घनफूट, म्हणजे सुमारे साडेआठ हजार लिटर पाणी आलं. ३० फूट उचलीला १ अश्वशक्तीचा चांगला पंप तेवढं साधारण तासाभरात काढतो. ५ अश्वशक्तीचा घेतला तर खर्च वाढेल, झरा नाही. तेव्हा शेजाऱ्याचा पंप न बघता आपला झरा बघावा, एवढीच आमची विनंती.