एक स्पीकर, दोन ॲम्प्लिफायर

उज्जैननजीक क्षिप्रेकाठी वसलेले भैरवगढ काळभैरवाच्या देवालयासाठी जसे प्रसिद्ध आहे, तसेच तेथील छापील वस्त्रांसाठीही. बाटिकच्या कामात कापडाच्या ज्या भागास मेण लागते, त्या भागास रंग चढत नाही. ठशांच्या छपाईत रेषेचा ठसा निराळा व रंग भरण्याचा निराळा असतो. दोन्ही नेमके जुळले तरच वेलबुट्टी साधते. घरच्या संगीतयंत्रात एकाच स्पीकरला दोन ॲम्प्लिफायर जोडण्याच्या पद्धतीचे मर्म या दोन गोष्टींवरून चटकन ध्यानात येते.

मनुष्याच्या कानास दर सेकंदास सुमारे 20 पासून 20,000 कंपनांपर्यंतचे ध्वनी ऐकू येतात. एवढा विस्तार एकाच पडद्यास पेलत नाही. म्हणून पेटीत खालच्या स्वरांसाठी मोठा वूफर व वरच्या स्वरांसाठी लहानसा ट्वीटर बसवितात. त्यांच्यातील वाटणी बहुधा 2,000 ते 3,000 कंपनांच्या आसपास होते. ही वाटणी पेटीतील विभाजक मंडल करते. त्यातील कपॅसिटर मंद कंपने अडवितो, तर तारेचे वेटोळे जलद कंपनांना रोखते. मेणाचे कार्य ते हेच.

काही पेट्यांच्या पाठीमागे तारा जोडण्याच्या खुंट्यांच्या दोन जोड्या असतात व त्या धातूच्या पट्ट्यांनी सांधलेल्या असतात. या पट्ट्या काढल्या, की वूफरला एक व ट्वीटरला दुसरा ॲम्प्लिफायर जोडता येतो. मात्र 50 वॉटचे दोन मिळून 100 वॉटचा एक होतो, हा समज भ्रामक आहे. अशा जोडणीत दोघांकडेही संपूर्ण संगीतच जाते आणि वाटणी पुढे पेटीतच होते. त्यामुळे लाभ मर्यादित असतो. वाटणी ॲम्प्लिफायरच्या आधीच करून पेटीतील मंडल वगळले, तर लाभ मोठा. मग तबल्याच्या डग्ग्याने एक ॲम्प्लिफायर थकला, तरी तंबोऱ्याची झार विस्कटत नाही. पण ते काम जाणकाराचे आहे.

दोन्ही ॲम्प्लिफायर भिन्न जातीचे असतील, तर तीन गोष्टी पाहाव्याच लागतात. पहिली, वर्धनाचे प्रमाण. एकाचे 26 व दुसऱ्याचे 32 डेसिबल असेल, तर दुसऱ्याचे व्होल्टेज दुप्पट होते व शक्ती चौपट. दुसरी, दिशा. काही ॲम्प्लिफायर लहर उलटी करतात. तेथे त्या बाजूच्या धन व ऋण तारांची अदलाबदल करावी लागते. तिसरी, आवाजाची कळ. ती दोघांच्या आधी एकच असावी; दोन कळा निरनिराळ्या फिरविल्या, की मेळ दर वेळी बिघडतो.

जोडणीपूर्वी वीज बंद करावी. धन व ऋण या दोन्ही पट्ट्या काढल्याची खात्री करून घ्यावी. एक जरी राहिली, तरी दोन ॲम्प्लिफायर एकमेकांवर आदळून निकामी होऊ शकतात. नंतर मंद आवाजात एकच स्थिर स्वर लावून दोघांचे व्होल्टेज मापकाने मोजावे आणि अधिक असेल त्याचे कमी करावे. व्हॉल्व्हचा ॲम्प्लिफायर मात्र स्पीकर न जोडता कधीही चालवू नये; त्यातील ट्रान्सफॉर्मरला अपाय होतो.

अखेरची परीक्षा कानांची. उज्जैनपासून जवळच्या देवासला 1948 पासून 1992 पर्यंत राहिलेले कुमार गंधर्व सुरेल तंबोऱ्यांविषयी किती दक्ष होते, हे सर्वश्रुत आहे. त्यांचे ध्वनिमुद्रण लावावे. गाण्यातील स्वराचा मूळ नाद वूफरमधून येतो, तर ‘स’, ‘श’ यांची धार ट्वीटरमधून. दोन्ही एकाच कंठातून आल्यासारखे वाटले, तर जोडणी साधली. गायक एकीकडे व त्याचे उच्चार दुसरीकडे असे भासले, तर मेळ चुकला आहे. अशा वेळी दुसरा ॲम्प्लिफायर काढून पट्ट्या पुन्हा बसवाव्या. बेमेळ जोडीपेक्षा एकच चांगला ॲम्प्लिफायर संगीताशी अधिक इमान राखतो.