बेतून शिवलेली नौका

ध्रुवप्रदेशातील इन्युइट शिकारी आपली कयाक बांधावयास घेई तेव्हा त्याच्याजवळ मोजपट्टी नसे, कागदावरचा नकाशाही नसे. दोन्ही हात पसरून होणारी वाव तीन वेळा घेतली की नौकेची लांबी ठरे, कमरेच्या रुंदीत दोन मुठी मिळविल्या की तिची रुंदी ठरे, आणि समुद्राने किनाऱ्यावर आणून टाकलेल्या लाकडाचा सांगाडा उभा राहिला म्हणजे घरातील स्त्रिया त्यावर सीलचे कातडे स्नायुतंतूंनी अशा कौशल्याने शिवीत की टाका कातड्याच्या आरपार जाऊ नये आणि त्यातून पाण्याचा थेंबही आत शिरू नये. ही मापे ठिकठिकाणी थोडी बदलत. परंतु ती नौका मालकाच्या अंगाबरहुकूम बेतलेला पोशाख असे, ही गोष्ट मात्र सर्वत्र सारखीच होती.

आज हौसेने घरी कयाक बांधू इच्छिणाऱ्या माणसाने हे बेतणे आणि शिवणे प्रथम ध्यानात घ्यावे, कारण पातळ प्लायवुडची लहान कयाक बांधण्याची जी पद्धत आता जगभर रूढ आहे तिचे नाते सुताराच्या कामठ्यापेक्षा शिंप्याच्या कात्रीशी अधिक जवळचे आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत केन लिटलडाइक नावाच्या एका इंग्रज शिक्षकाने प्लायवुडच्या फळ्या मासेमारीच्या दोऱ्याने शिवून व सांध्यांवर काचतंतूंची पट्टी राळेने चिकटवून कयाक तयार केल्या. पाठोपाठ जॅक होल्ट आणि बॅरी बकनेल यांनी ‘डेली मिरर’ या वृत्तपत्राच्या पुरस्काराने आखलेल्या ‘मिरर’ या शिडाच्या छोट्या नावेत दोऱ्याच्या जागी तांब्याची तार आली, आणि ज्यांनी आयुष्यात कधी रंधा हातात धरला नव्हता अशा कुटुंबांनीही ती घरोघर बांधली. अशा ७०,००० हून अधिक नावा आजवर तयार झाल्या आहेत.

या पद्धतीचे सारे मर्म फळीच्या कडेत आहे. एखादे पोस्टकार्ड हातात घेऊन वाकवून पाहावे: ते एका दिशेने सहज वळते, परंतु तसे वळलेले असताना त्याला दुसऱ्या दिशेने वळवू गेल्यास ते साफ नकार देते. प्लायवुडचा स्वभावही हाच असल्यामुळे वाटीसारखा खोलगट आकार त्यातून निघत नाही. मात्र दोन सपाट फळ्यांच्या कडा वेगवेगळ्या वक्रतेने कापून त्या एकमेकींना जुळविल्या, तर जुळण्याच्या सक्तीनेच दोन्ही फळ्या वळतात, नाळ म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकाची बाजू वर उचलली जाते आणि जमिनीवर पडलेल्या पट्ट्यांतून नौकेचा देह उभा राहतो. चोळीची बाही सपाट कापडातून खांद्याचा गोलावा धरते तो याच न्यायाने. म्हणून आखणीत आणि कापणीत घाई करू नये, करवत रेषेच्या किंचित बाहेरून चालवावी व उरलेला भाग रंध्याने रेषेपर्यंत आणावा. उजवी व डावी फळी एकावर एक ठेवून एकदमच रंधावी, म्हणजे दोन बाजूंत तफावत राहत नाही.

सुमारे दहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद अशा कयाकसाठी ४ मिलिमीटर जाडीचे सागरी प्लायवुड पुरते आणि पुरी झालेली नौका वीस किलोच्या आसपास भरते. एकट्याने उचलून नेता यावी इतकी ती हलकी असते. आपल्याकडे अशा प्लायवुडवर आयएस ७१० या भारतीय मानकाचा शिक्का पाहून घ्यावा, आणि एवढ्यावरही न थांबता एक तुकडा काही तास पाण्यात उकळून त्याचे थर सुटत नाहीत ना याची खात्री करावी. बाजारातील फळी आठ फुटांची असल्यामुळे जोड अपरिहार्य असतो. तो देताना दोन्ही टोके जाडीच्या आठपट लांबीपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ मिलिमीटर, उतरती रंधून एकमेकांवर चिकटवावीत.

पुढे शिवण येते. कडांपासून थोडे आत, चार-सहा इंचांच्या अंतराने बारीक छिद्रे पाडून तांब्याच्या तारेचे टाके घालावयाचे, प्रथम सैल आणि नंतर पकडीने हळूहळू आवळत. २१ मे २०२५ रोजी कारवार येथे भारतीय नौदलात दाखल झालेले ‘कौंडिण्य’ हे शिडाचे जहाज अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील एका चित्रावरून आखलेले आहे आणि त्याच्या फळ्या गोव्यात काथ्याच्या दोरीने शिवल्या गेल्या. तेथे शिवण हाच जहाजाचा जन्मभराचा आधार असतो. प्लायवुडच्या कयाकमधील टाका मात्र शिंप्याच्या धावदोऱ्यासारखा तात्पुरता असतो, पक्की जोडणी होईपर्यंत आकार धरून ठेवून मग निघून जाणारा. तो निघण्यापूर्वीचा तास सर्वांत मोलाचा. नौकेच्या दोन्ही टोकांजवळ एकेक सरळ पट्टी आडवी ठेवून मागून डोळा लावावा. दोन्ही पट्ट्यांच्या कडा समांतर दिसल्या तर ठीक, नाहीतर देहाला पीळ पडला आहे असे समजून टाके सैल करून तो काढावा, कारण राळ घट्ट झाल्यावर पीळ निघत नाही आणि तशी कयाक आयुष्यभर एका अंगाला ओढत राहते.

इपॉक्सी राळ हा या कामातील सर्वांत करडा जिन्नस आहे. ती वाळून घट्ट होत नाही, दोन द्रव्यांच्या रासायनिक संयोगाने होते. म्हणून नेमून दिलेले प्रमाण काटेकोर पाळावे, कारण घट्ट करणारे द्रव्य अधिक घातल्याने काम लवकर होत नाही, उलट सांधा कायमचा कच्चा राहतो. लाकडाचा बारीक भुसा मिसळून श्रीखंडाइतका दाट केलेला लगदा प्रथम टाक्यांमधल्या जागांत भरावा, तो पक्का झाल्यावर तारा काढून आतले कोपरे गोलाकार बुजवावेत आणि त्यांवर काचतंतूंची पट्टी बसवावी. राळेचा हात संध्याकाळी, हवा थंड होत असताना द्यावा. सकाळी दिला तर चढत्या उष्णतेने लाकडातील हवा प्रसरण पावते आणि पृष्ठभागावर बुडबुडे उठतात. दमट दिवसांत वर मेणासारखा चिकट थर येतो, तो घासण्यापूर्वी पाण्याने धुवावा. हातमोजे व तोंडावर मुखवटा यांत हयगय करू नये. राळेचा वारंवार स्पर्श होऊन एकदा ॲलर्जी जडली की ती सहसा सुटत नाही. बाहेरून चढविलेले काचेचे पांढरे कापड राळेने भिजताच पारदर्शक होते आणि खालच्या लाकडाच्या रेषा एकाएकी उजळतात, तो क्षण मला सर्व कष्टांचे मोल वाटतो. पण ऊन या राळेला मारते, म्हणून वरून ऊन-निरोधक व्हार्निश हवेच.

अशी आखूड व रुंद नौका स्थिर असते, चटकन वळते, परंतु तिला वेग नसतो. आखूड देह आपल्याच उठविलेल्या लाटेत अडकतो आणि तासाला सात-साडेसात किलोमीटरांपलीकडे कितीही वल्हवले तरी फारसे साधत नाही. बसण्याचे तोंड मोठे असल्याने लाटांचे पाणी आत येते, सबब तिची जागा तलाव, खाडीचा शांत भाग आणि संथ नदी. उघडा समुद्र नव्हे. पुढे-मागे हवेचे बंद कप्पे ठेवावेत आणि पहिल्याच दिवशी, किनाऱ्यालगत कमरेएवढ्या पाण्यात, जीवरक्षक जाकीट घालून, ती मुद्दाम पाण्याने भरून पाहावी, म्हणजे तरंगते की नाही हे कळेल.

आसन मात्र त्या दिवशी चिकटवू नये. मालकाने आत बसावे आणि सोबत्याने काठावरून पाहावे: नाळ दबली तर आसन चार बोटे मागे, मागचे टोक दबले तर पुढे, असे दोन-तीनदा करून जागेवर पेन्सिलीची खूण करावी. नौका घरी आणून सुकविल्यावर त्या खुणेवर आसन बसवावे.